दुसरा उकार

घरातून निघण्याच्या आदल्या दिवशी काकूंनी एकच अट घातली. चार दिवस लाल पेन सोबत घ्यायचं नाही.

"आणि कुणाच्या चुका काढायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "पाटी दिसली की वाचायची आणि पुढे चालायचं. सगळं जग चालतं तसं."

"मी काय मुद्दाम काढतो? त्या दिसतात."

"दिसू देत. बोलायचं नाही."

काकांनी शपथ घेतली. नुसती तोंडी नव्हे. खिशातलं लाल पेन काढून काकूंच्या देखत टेबलाच्या खणात ठेवलं, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. एवढा त्याग केल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत निदान पाणी तरी यावं. काकूंनी किल्ली पर्समध्ये टाकली आणि विचारलं, "कोटाच्या आतल्या खिशातलं?" मग तेही निघालं.

इमारतीत त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणत. एकदा सोसायटीच्या फळ्यावर कुणीतरी 'उद्या पाणि येणार नाही' असं खडूने लिहिलं होतं. काकांनी 'पाणि'ची पहिली वेलांटी बोटाने पुसून तिथे दुसरी काढली, समाधानाने वर गेले आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या इमारतीत पाणी भरून न ठेवलेलं असं एकच घर निघालं. ते त्यांचं. वेलांटी पाहण्याच्या नादात त्यांनी सूचना वाचलीच नव्हती. त्यात त्यांचा दोष नव्हता, तो धंद्याचा दोष होता. एकतीस वर्षं एका छापखान्यात त्यांनी मुद्रितं तपासली होती. पाठ्यपुस्तकं, मतदारयाद्या, सरकारी फॉर्म, औषधाच्या खोक्यातल्या मुंगीएवढ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या. शेवटच्या मुद्रितावर 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून त्यांनी सही केल्याशिवाय तिथलं मशीन हलत नसे. निवृत्त झाल्यावर मशीन राहिलं नाही, पण हरकत घ्यायची सवय राहिली.

काकू स्वतः काही लिहीत नसत. वाण्याची यादीसुद्धा त्या तोंडी सांगत आणि काका लिहून घेत. असं का, याचा काकांनी कधी विचार केला नव्हता. आपलं अक्षर बायकोला आवडत असावं, असं ते धरून चालले होते.

तर काकूंना समुद्र पाहायचा होता. लग्न झाल्यापासून पाहायचा होता. एकदा पाठ्यपुस्तकं आडवी आली, एकदा मतदारयाद्या, आणि मग पाहायचं राहूनच गेलं. आता त्यांनीच वर्तमानपत्रातली एक छोटी जाहिरात कापून ठेवली होती: जुन्या बंदराच्या गावात, तटबंदीला लागून, वारसा वास्तूत राहण्याची सोय, स्वस्त दर. खाली नाव होतं 'समूद्र'. ही वर्तमानपत्राची चूक, असं समजून काकांनी संपादकांना एक सविस्तर पत्र धाडलं होतं. उत्तर आलं नव्हतं.

"वारसा म्हणजे राजेशाही थाट," खालच्या मजल्यावरचे बँकवाले म्हणाले. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त होऊन बावीस वर्षांपूर्वी दीड दिवस एका समुद्रकाठी राहून आले होते, आणि त्या दीड दिवसाच्या बळावर इमारतीतल्या प्रत्येकाला समुद्राविषयी सल्ला देत. त्यांनी काकांना यादीच दिली. दोरी, मेणबत्त्या, जास्तीचं कुलूप, नेलकटर. "आणि काळं पॉलिश. विसरू नका. खाऱ्या हवेत चामडं दोन दिवसांत पांढरं पडतं. माझे बूट गेले होते." काकांनी पॉलिशची डबी घेतली. पुढे जे झालं त्याचं खापर काकांनी बरेच दिवस या डबीवर फोडायचा प्रयत्न केला, पण ते काही नीट फुटलं नाही.

गाव सुंदर होतं, हे काकूंचं मत. काका गावाकडे पाहतच नव्हते. बसमधून उतरून, बॅगा सांभाळत, तटाच्या कडेकडेने, भिंतींना मिठाचा पापुद्रा धरलेल्या एका बोळातून ते निघाले आणि बोळाच्या टोकाला ती दुमजली इमारत आली. दारावर आडवी जाड लाकडी फळी, आणि तिच्यावर डांबराने काढलेली काळी, हातभर उंचीची अक्षरं: समूद्र.

म्हणजे वर्तमानपत्राने चूक केलीच नव्हती. त्यांनी जसं होतं तसं छापलं होतं. काकांनी तोंड उघडलं. काकूंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी तोंड मिटलं आणि तसेच आत शिरले, तेव्हा दाराच्या आतल्या बुटक्या तुळईवर त्यांचं कपाळ सणकून आपटलं. तुळईवर 'डोके सांभाळा' अशी पाटी होती. ती अगदी शुद्ध होती, म्हणून त्यांच्या नजरेला ती दिसली नाही.

मालकीणबाई पन्नाशीच्या, चटपटीत, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी दोघांना चार नंबरच्या खोलीत नेलं. वर जायचा जिना इतका अरुंद की बॅग आधी की माणूस आधी, हे ठरवून मगच चढावं लागे. खोलीला उतरतं छप्पर होतं, खिडकी वहीच्या पानाएवढी होती आणि ती इतकी उंचावर होती की समुद्र पाहायचा तर पेटीवर चढायचं. काकू लगेच चढल्या.

"दार लागत नाही हे," काका म्हणाले.

"नाही लागत. वारसा आहे तो."

"आणि हा नळ गळतोय."

"नळ वारशात येत नाही. पण ज्या भिंतीत आहे ती येते. भिंतीला हात लावायचा तर अर्ज करावा लागतो. अर्ज केलाय."

"कधी?"

"आमची आई होती तेव्हा."

"आणि पंखा?"

"पंखा नुसता बिघडलाय," मालकीणबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

काका नुसत्या गैरसोयीला घाबरणारे नव्हते. पण किल्लीच्या बिल्ल्यावर 'समूद्र' होतं. टॉवेलच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने 'समूद्र' भरलेलं होतं. चहाच्या कपावर, साबणाच्या वेष्टनावर, उशीच्या अभ्र्यावर, सगळीकडे तो दुसरा उकार शेपूट हलवत बसला होता. काकांनी उशी पालथी केली. पालथ्या बाजूलाही तो होता.

संध्याकाळी चहा घेताना त्यांना राहवलं नाही. ही चूक काढणं नाही, चौकशी आहे, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि मालकीणबाईंना विचारलं, "दारावरचं ते नाव... पहिल्यापासून असंच आहे?"

"पहिल्यापासून. हात नाही लावलेला. परवा सकाळी वारसा खात्याचे निरीक्षक येणार आहेत ना, दर पाच वर्षांनी येतात, ते पहिलं तेच बघतात. सगळं मूळ स्थितीत आहे असं त्यांनी लिहून दिलं की आमची परवानगी पुढे चालू. नाहीतर आमचा हा जिना बघून नव्या नियमांत कोण हॉटेल चालवू देणार? कुलूपच लावायचं मग." एवढ्यात फोन वाजला आणि त्या उठून गेल्या.

त्या रात्री जेवण झाल्या झाल्या काकू उत्साहाने सांगायला लागल्या. त्या बराच वेळ स्वयंपाकघरात मालकीणबाईंशी बोलत बसल्या होत्या. "अहो, ऐका ना, त्या दारावरच्या अक्षरांची गंमत आहे. त्यांच्या पणजोबांनी—"

"गंमत नाही, चूक आहे," काका म्हणाले. "उद्या सांग. माझं डोकं दुखतंय." डोकं खरंच दुखत होतं, तुळईमुळे. काकू गप्प बसल्या. गप्प बसण्याचा त्यांना तीस वर्षांचा सराव होता.

दुसऱ्या दिवशी काकांच्या डोक्यात एक विचार शिरला आणि तिथेच पथारी पसरून बसला. निरीक्षक येणार. म्हणजे शिकलेला माणूस. तो दारातच ती चूक पाहणार आणि या बिचाऱ्या बाईला हसणार. शिवाय बाई म्हणाल्या, सगळं मूळ स्थितीत हवं. आता मूळ शब्द कोणता? 'समुद्र'. पहिला उकार. कुठल्याही कोशात पाहा. मग त्या शब्दाला त्याच्या मूळ स्थितीत आणून ठेवणं हे तर पुण्यकर्मच झालं. हा युक्तिवाद काकांना इतका बिनतोड वाटला की आपण वकील का झालो नाही, असंही क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेलं.

शपथेचं काय? शपथ लाल पेनाची होती. पॉलिशविषयी काही ठरलं नव्हतं. चूक बोलून दाखवायची नव्हती. काका एक अक्षरही बोलणार नव्हते.

दुपारी काकू आणि मालकीणबाई किनाऱ्यावर गेल्या. काकूंनी "येता का?" असं विचारलं होतं, तर काकांनी कपाळाला हात लावून दाखवला. इमारत सामसूम होती. मागच्या अंगणात एक रंगारी कठड्याला रंग देत होता, तेवढाच. काकांनी खोलीतली खुर्ची जिन्यावरून खाली आणली. ती आणताना दोनदा अडकली आणि एकदा त्यांच्या पायावर पडली. मग ती दारात ठेवून ते चवड्यांवर उभे राहिले, नेलकटरची पट्टी उघडली आणि 'मू'खालचं ते शेपूट खरवडायला लागले. डांबर चिवट होतं. पण काकाही चिवट होते. शेपूट गेल्यावर त्यांनी बोटाला रुमाल गुंडाळून काळ्या पॉलिशने गोल, भरदार, पहिला उकार काढला.

खाली उतरून, दोन पावलं मागे जाऊन त्यांनी पाहिलं. समुद्र. कित्येक दिवसांनी त्यांना आत कुठेतरी गार वाटलं. मशीन सुरू झाल्याचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं म्हणा ना. त्या संध्याकाळी ते काकूंबरोबर किनाऱ्यावर गेले, पाण्यात पायही घातले आणि पाणी छान आहे, असंही म्हणाले. काकूंना तो आपल्या अटीचा परिणाम वाटला. "बघा," त्या म्हणाल्या, "चुका काढल्या नाहीत की माणूस कसा मोकळा होतो." हे वाक्य नंतर काकांना फार दिवस टोचत राहिलं.

निरीक्षक सकाळी नऊ वाजता आले. किडकिडीत, कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल, खिशात भिंग. काका मुद्दाम लवकर आवरून खाली येऊन बसले होते. कौतुक आपल्या वाट्याला येणार नाही, पण ते कानांनी ऐकायला काय हरकत होती? निरीक्षकांनी फाइलमधला जुना फोटो काढला, दारावरच्या अक्षरांसमोर धरला, भिंग लावलं, फोटो पाहिला, पुन्हा अक्षरं पाहिली आणि फाइल मिटली.

"बाई, हे काय आहे?"

मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावरचं रक्त उतरणं म्हणजे काय ते काकांनी हजारदा छापलेलं वाचलं होतं. आज पहिल्यांदा पाहिलं.

"मूळ घटकात बदल झालाय," निरीक्षक म्हणाले. "माझ्या अहवालात हे लिहावंच लागेल. एकदा लिहिलं की वारशाचा दर्जा गेला, आणि तो गेला की तुमचा जिना, तुमची संडासं, सगळंच नियमात बसवा नाहीतर बंद करा. मी काय करू? माझ्या हातात नाही."

"पण काल सकाळपर्यंत होतं हो तसंच! मी रोज बघते!" बाईंचा आवाज चिरका झाला. मग त्यांची नजर बादली घेऊन आलेल्या रंगाऱ्यावर गेली. "तूच! तूच काल इथे होतास! तुला कठडा सांगितला होता, दाराला हात लावायला कुणी सांगितलं?"

रंगारी गोंधळून उभा राहिला. "बाई, मी मागेच होतो. दाराकडे फिरकलोही नाही."

"मग काय अक्षर आपोआप बदललं?"

इथे काकांनी पुढे व्हायला हवं होतं. तुम्हाला कळतं, मलाही कळतं, त्यांनाही कळत होतं. पण काका व्हरांड्याच्या खांबामागे सरकले. आता बोलतो, आता बोलतो, असं म्हणत ते तिथेच उभे राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली, बाई रंगाऱ्याला नाही नाही ते बोलत राहिल्या आणि काका आपल्या बुटांकडे पाहत राहिले. बूट चकचकीत होते.

शेवटी रंगारी म्हणाला, "बाई, मला लिहिता-वाचता येत नाही. तिथे काय लिहिलंय तेच मला माहीत नाही. मी ते बदलीन कसं?"

मग निरीक्षक म्हणाले, "तेही खरं. हे कुणातरी शुद्धलेखनाच्या जाणकाराचं काम दिसतंय."

एवढ्या सगळ्यात, खांबामागे, 'जाणकार' हा शब्द ऐकून काकांची छाती किंचित फुगली. हे लिहितानाही लाज वाटते, पण फुगली.

"जाणकार म्हणजे अर्धवट जाणकार," निरीक्षक भिंगातून पाहत पुढे म्हणाले. "उकार काढायचा कसा तेही धड माहीत नाही. हा काय पहिला उकार झाला? हा तर स्वल्पविराम झाला."

"स्वल्पविराम?" काका खांबामागून बाहेर आले. "अहो, पहिल्या उकाराला पोट असतं, ते गोलच यायला हवं! खुर्चीवर चवड्यांवर उभं राहून, बोटाला रुमाल गुंडाळून काढून दाखवा बरं तुम्ही, मग मला—"

आणि ते थांबले.

मालकीणबाई त्यांच्याकडे पाहत होत्या, निरीक्षक पाहत होते, रंगारी पाहत होता, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, चहाचा कप हातात धरून, काकू उभ्या होत्या. आपण प्रामाणिकपणे कबूल केलं असतं तर एक वेळ मान वर ठेवता आली असती. आपण कबूल केलं तेही आपला उकार चांगला आहे, हे सांगण्यासाठी, हे काकांच्या ध्यानात आलं आणि जमिनीने पोटात घ्यावं, असं त्यांना वाटलं. जमीन वारशातली होती, तिने काही केलं नाही.

"पण का?" मालकीणबाईंनी विचारलं. त्या ओरडल्या नाहीत, हे काकांना जास्त लागलं. "काका, का?"

"चूक होती," काका पुटपुटले. "मला वाटलं, साहेब हसतील तुम्हाला."

बाई पायरीवर बसल्या. "माझे पणजोबा इथे जहाजांची शिडं शिवायचे," त्या म्हणाल्या. "त्यांना अक्षर येत नव्हतं. माझी आजी तेव्हा आठ वर्षांची, ती शाळेतून यायची आणि त्यांना शिकवायची. शिडाच्या चिंध्यांवर, डांबराच्या कुंचल्यानं. ते आयुष्यात एकच शब्द लिहायला शिकले, आणि तो त्यांनी स्वतः दारावर काढला. मग खाली उतरून तिला विचारलं, बरोबर आहे ना गं? तिला कळलं होतं चुकलंय ते. ती म्हणाली, बरोबर आहे, बाबा. तेव्हापासून आमच्या घरात ते बरोबरच आहे."

काकू कप खाली ठेवत होत्या. कुणाकडेही न पाहता त्या म्हणाल्या, "बरं झालं. तिनं लाल शाईनं परत नाही पाठवलं."

बाकीच्यांना त्याचा अर्थ कळला नाही. काकांना कळला.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी काकू महिनाभर माहेरी गेल्या होत्या. तिथून त्यांनी काकांना दोन पानी पत्र लिहिलं होतं. पत्र मिळाल्याचा काकांना खूप आनंद झाला होता, आणि त्या आनंदाच्या भरात त्यांनी ते तपासलं. समासात खुणा केल्या, लाल शाईने वेलांट्या बदलल्या, 'आठवण' या शब्दाभोवती गोल काढून बाजूला 'पुनरुक्ती' असं लिहिलं, आणि बायकोच्या उपयोगी पडेल म्हणून परतीच्या टपालाने पाठवून दिलं. त्यानंतर तीस वर्षं त्यांना बायकोचं पत्र आलं नाही. चिठ्ठी आली नाही. वाण्याची यादीसुद्धा नाही. आणि आपलं अक्षर तिला आवडतं, असं ते समजत होते!

काकांनी आयुष्यात पुष्कळ वेळा मान खाली घातली होती, पण ती कागद वाचायला. आजची निराळी होती.

"साहेब," ते निरीक्षकांना म्हणाले, "हे मी केलंय. बाईंचा काही दोष नाही. हे नीट करायचा काही मार्ग असेल तर सांगा. मी काय वाटेल ते करतो."

निरीक्षकांनी फाइल चाळली. नियम होता. बदल परत फिरवता येण्याजोगा असेल, तर ज्याने केला त्यानेच, निरीक्षकांच्या देखरेखीखाली, मूळ साहित्य वापरून तो परत फिरवायचा आणि तसं लेखी द्यायचं. मग अहवालात 'बदल' न लिहिता 'देखभाल' असं लिहिता येत होतं.

होड्या दुरुस्त करणाऱ्याकडून डांबर आलं. शिडी आली. बोळातली माणसंही जमली. हाका मारून बोलवावं लागलं नाही. रंगाऱ्याने शिडी धरली. काकांनी रॉकेलच्या चिंधीने पॉलिश पुसलं आणि कुंचला डांबरात बुडवला. आता फक्त दुसरा उकार काढायचा होता. पण एकतीस वर्षांच्या हाताला 'स-मु-द्र' म्हटल्यावर दुसरा उकार काढणं ठाऊकच नव्हतं. हात आपसूक पहिल्या उकाराचं पोट काढायला वळे. एकदा झालं, पुसलं. दुसऱ्यांदा तेच झालं, पुसलं. जमलेल्यांपैकी कुणीतरी खो खो हसलं.

"दुसरा, दुसरा!" खालून मालकीणबाई ओरडल्या.

"कळतंय हो मला!" काका वरून म्हणाले. डोळ्यांत काय गेलं होतं कुणास ठाऊक, त्यांना नीट दिसत नव्हतं.

"काका," शिडी धरलेला रंगारी हळूच म्हणाला, "शब्द कशाला वाचताय? नुसतं चित्र बघा. फोटोत शेपूट खाली उजवीकडे जातंय. तेवढंच काढा."

काकांनी शब्द वाचला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अक्षराकडे ज्याला वाचता येत नाही अशा माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि शेपूट बरोबर उतरलं.

खाली आल्यावर ते रंगाऱ्याला म्हणाले, "माझ्यामुळे तुला ऐकून घ्यावं लागलं. मी बोलायला हवं होतं."

"हो," रंगारी हात पुसत म्हणाला. "खांबामागे दिसत होतात तुम्ही मला. कोटाचं टोक बाहेर होतं." त्याने राग धरला असता तर बरं झालं असतं. त्याने बादली उचलली आणि तो कठड्याकडे गेला.

मग फॉर्म. निरीक्षकांनी छापील कागद पुढे केला. त्यावर मथळाच होता: 'दुरूस्ती करणाराचे निवेदन'. दुरूस्ती! दुसरा उकार! या शब्दातले दोन्ही उकार पहिले हवेत की नकोत? सवयीने त्यांची नजर कागदाच्या तळाशी गेली. तिथे बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव होतं. ओळखीचं होतं. छपाईचं वर्षही ओळखीचं होतं. म्हणजे हा फॉर्म कधीतरी त्यांच्याच टेबलावरून, 'छापण्यास हरकत नाही' अशा सहीने, ऐटीत बाहेर पडला होता.

काकांनी मुकाट्याने सही केली. निरीक्षकांनी अहवालात लिहिलं: 'देखभाल समाधानकारक. एक उकार किंचित नवा दिसतो.' मालकीणबाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि पदराने डोळे टिपले. दुपारच्या चहाचा कप मात्र काकांपुढे आपटूनच ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. टेबलावर पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही होती. काकांना वाटलं, आपण लिहावं, माफी मागावी. ते वाक्य जुळवत उभे होते, तेवढ्यात काकूंनी वही ओढून घेतली आणि खुर्चीवर बसून लिहायला लागल्या. जीभ दातांत धरून, सावकाश, एकेक अक्षर. काकांनी बायकोला लिहिताना पाहिलेलंच नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्यांनी वही काकांपुढे सरकवली, वर पेन ठेवलं आणि त्या दारात जाऊन बाहेर बघत उभ्या राहिल्या.

वहीत होतं:

'समूद्र पाहीला. खुप मोठा आहे. मला फार आवडला. हे पण आले होते. त्यांच्याकडुन चुक झाली पण त्यांनी सगळ्यांसमोर निट केली. आम्हि परत येऊ.'

टेबलावरचं ते पेन लाल होतं. बाईंकडे दुसरं नव्हतं की काकूंनी मुद्दाम तेच निवडलं, हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. पेन त्यांनी उचललं. हात सवयीने पहिल्या ओळीवर गेला. 'समूद्र' हा काकूंनी चुकून लिहिला की जाणून, तेही कळायला मार्ग नव्हता. दारातल्या पाठीकडे त्यांनी पाहिलं. ती पाठ काही विचारत नव्हती, पण हलतही नव्हती.

मग काकांनी मजकुराच्या खाली, अगदी तळाशी, लिहिलं: 'छापण्यास हरकत नाही.' आणि खाली सही केली, तारखेसकट.

काकू परत आल्या. त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. वही मिटली.

"त्या पत्रावरही एवढंच लिहिलं असतंत तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या.

काकांनी दोन्ही बॅगा उचलल्या आणि ते काकूंच्या मागोमाग दाराकडे निघाले. मान खाली घालून चालत होते, म्हणून चार दिवसांत पहिल्यांदाच ती तुळई त्यांच्या डोक्याला लागली नाही.